फुकटचा टीव्ही आणि त्याचं बिल

(आपल्या रेडिओ केंद्रावर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून, इथे छापत आहोत.)

मैत्रिणींनो, दुपारची भांडी उरकली असतील, शेरडं सावलीला बांधली असतील. घटकाभर टेका, आज एक जुनी गोष्ट काढायची आहे.

मागच्या महिन्यात आपण या कार्यक्रमात विचारलं होतं, गावात टीव्ही नवा आला तेव्हाचं काय आठवतं? फोन करा, सांगा. मला वाटलं होतं, सगळ्याजणी 'रामायण' सांगतील. सांगितलंही. पण गंमत अशी की निम्म्या जणींनी जाहिराती म्हणून दाखवल्या! एक आजी बोलायलाच लाजत होत्या. पण धुण्याच्या पावडरीचं गाणं मात्र त्यांनी चालीसकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. मी विचारलं, "आजी, ही जाहिरात कुठल्या मालिकेच्या आधी लागायची?" त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ते नाही गं बाई आठवत."

फोन ठेवल्यावर ते माझ्या मनातून जाईना. मालिका विसरली, गाणं राहिलं. चाळीस वर्षं राहिलं! ते गाणं आजींच्या डोक्यात कुणी ठेवलं, कशासाठी ठेवलं, आणि त्याचे पैसे कुणी भरले, हे शोधावं म्हटलं. शोधायला आणखी एक कारण आहे. ते शेवटी सांगते, कारण त्यात तुमचं मत लागणार आहे.

आधी रेडिओ, मग टीव्ही

जाहिरातीची कथा टीव्हीपासून सुरू होत नाही. ती आपल्या रेडिओपासूनच सुरू होते. स्वातंत्र्यानंतर आकाशवाणी सरकारची होती आणि तिथे जाहिरातींना जागा नव्हती. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मोठा भोक्ता. सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटायची. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली आणि शेजारच्या देशातलं रेडिओ सिलोन लावलं. तिथे १९५२ च्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानींचा तो गोड आवाज तुमच्यापैकी जुन्या जाणत्यांना आठवत असेल.

आता 'बिनाका' म्हणजे काय? ती दात घासायची पेस्ट होती! गाणी ऐकायला आपण दर आठवड्याला बसायचो आणि पेस्टचं नाव फुकटात पाठ व्हायचं. कार्यक्रमाच्या नावातच कंपनीनं आपलं नाव ओवलं होतं. यालाच म्हणतात प्रायोजक. कार्यक्रमाचा खर्च तो करतो आणि बदल्यात आपला कान विकत घेतो. कान म्हणा, लक्ष म्हणा.

आकाशवाणीनं हे पाहिलं. १९५७ साली करमणुकीसाठी 'विविध भारती' निघाली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या.

टीव्हीचंही असंच झालं. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला टीव्ही सुरू झाला, तो शिकवण्यासाठी. वस्त्यावस्त्यांमध्ये टीव्ही संच ठेवून लोकांना एकत्र बसवायचं आणि आरोग्य, स्वच्छता असे विषय दाखवायचे, असा तो प्रयोग होता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. 'आमची माती आमची माणसं' हा शेतीचा कार्यक्रम याच केंद्राचा. १९७५-७६ मध्ये वर्षभर उपग्रहाच्या मदतीनं देशातल्या सहा राज्यांतल्या जवळपास २४०० गावांत टीव्ही दाखवला गेला. शेती, आरोग्य, मुलांचं शिक्षण, हेच त्यात होतं. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.

म्हणजे टीव्ही आला तो मास्तर होऊन. आणि १९७६ च्या १ जानेवारीला दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. मास्तरच्या हातात दुकानाची पिशवी आली म्हणा ना!

चार आणे आणि उरलेलं बिल

१९८२ हे वर्ष मोठं. वसंत साठे तेव्हा नभोवाणी मंत्री होते, आपल्या विदर्भातले. टीव्ही रंगीत झाला पाहिजे म्हणून ते हट्टाला पेटले होते. चैन आहे, गरीब देशाला कशाला रंगीत टीव्ही, अशी टीका झाली. पण त्या वर्षी टीव्ही रंगीत झाला आणि वर्षाअखेरीला दिल्लीतले आशियाई खेळ लोकांनी रंगांत पाहिले. १९८४ साली तर जवळजवळ दिवसाला एक, अशा वेगानं देशभर नवी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. आपल्या गावांच्या छपरांवर त्या काड्याकाड्यांच्या अँटेना दिसू लागल्या त्या यानंतर.

आमच्या गावात पहिला टीव्ही एका मोठ्या वाड्यात आला. रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं. १९८७ च्या जानेवारीत सुरू झालेलं ते. पोरांकडून चार आणे घ्यायचे. पुरुष पुढे घोंगडीवर, बायका मागे उंबऱ्याशी. वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. पडद्यावर मुंग्या आल्या की एकजण छपरावर चढणार आणि खालून सगळे ओरडणार, "अजून डावीकडं, अजून!" माझी आई भाकरी थापून, चुलीतला जाळ मागे ओढून यायची. जाहिराती मालिकेच्या आधी आणि नंतर ओळीनं लागायच्या, मध्ये मध्ये नाही. मग कुणी उठून जायचं का? नाही! जागा गेली असती. म्हणून सगळ्या जाहिराती सगळं गाव बघायचं.

चार आणे दिले की झालं, असं आम्हांला वाटायचं. ते पैसे वाड्याच्या मालकाचे होते. मालिकेचं बिल वेगळंच होतं आणि ते आपण दुकानात भरत होतो. कसं ते सांगते. समजा, साबणाची वडी दहा रुपयांना आहे. तिच्यात तेल, सोडा, कागद, वाहतूक, दुकानदाराचा नफा हे सगळं आहे, आणि जाहिरातीचा खर्चही आहे. ज्या बाईनं जन्मात टीव्ही पाहिला नाही, तिनं वडी घेतली तरी जाहिरातीचा वाटा तिच्याकडून जातोच. म्हणजे मालिका फुकट नव्हती. तिचं तिकीट वडीच्या कागदात गुंडाळलेलं होतं.

'हम लोग' आणि झटपट शेवया

आपल्या देशातली पहिली प्रायोजित मालिका म्हणजे 'हम लोग'. ७ जुलै १९८४ ला ती सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरात संपली. मनोहर श्याम जोशींनी लिहिली होती. दर भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगायचे. लहान घरातलं मोठं कुटुंब, दारुडा बाप, सोसणारी आई, लग्नाच्या मुली. मेक्सिको देशात मिगेल साबिदो नावाच्या माणसानं मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा विचार लोकांपर्यंत पोचवला होता. तसंच इथे करावं, असं सरकारच्या मनात होतं. कुटुंब लहान ठेवा, बाईला मान द्या, हा निरोप.

आणि या मालिकेचा प्रायोजक कोण होता? मॅगी! त्या झटपट शेवया. १९८३ मध्ये त्या आपल्या बाजारात आल्या होत्या. त्याआधी आपल्याकडे शेवया म्हणजे उन्हाळ्यात पाटावर वळायच्या, खाटेवर वाळवायच्या. दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया कुणाला ठाऊक नव्हत्या.

आता बघा काय झालं. मालिकेचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट आढळली. त्यात भागवंती नावाची आई होती, मुकाट्यानं सगळं सोसणारी. असं सोसू नये, हे कळावं म्हणून ते पात्र होतं. पण खूप प्रेक्षकांना, बायकांनासुद्धा, तीच आदर्श वाटली! सांगायचं होतं एक, पोचलं दुसरंच. शेवयांचा निरोप मात्र वाट चुकला नाही. त्यांचा खप वाढतच गेला. आज वाडीवस्तीवरच्या टपरीतसुद्धा ते पिवळं पाकीट लटकलेलं असतं.

मैत्रिणींनो, मी शेवयांना नावं ठेवत नाही. माझीही पोरं खातात. पण चांगला विचार पोचवायला गोष्ट लागते, वेळ लागतो, आणि तरी तो वाकडा पोचू शकतो. वस्तूचं नाव पोचवायला तेच तेच गाणं पुन्हा पुन्हा लागलं की भागतं. हे आपण रेडिओवाल्यांनी नीट लक्षात ठेवायला हवं.

ललिताजींचा हिशेब

आता त्या आजींच्या धुण्याच्या पावडरीकडे वळू.

आपल्या आया धुणं कशानं धुवायच्या? राखेचं पाणी, रिठे, सोडा, नाहीतर पिवळ्या साबणाचा तुकडा. १९५९ साली हिंदुस्थान लिव्हर कंपनीनं सर्फ आणली, पण ती शहरातल्या पैसेवाल्यांची. गावात कुणाला परवडणार?

गुजरातेत करसनभाई पटेल म्हणून एक रसायनशास्त्र शिकलेले सरकारी नोकर होते. १९६९ साली त्यांनी अहमदाबादेत घराच्या मागच्या अंगणात पावडर बनवायला घेतली. सायकलीवर पिशव्या लावून दारोदार विकली. किलोला ३ रुपये. कंपन्यांच्या नामांकित पावडरी याच्या कितीतरी पट महाग होत्या. त्यांची लेक निरुपमा अपघातात गेली. तिच्या नावावरून त्यांनी पावडरीला 'निरमा' नाव दिलं. पाकिटावर गिरकी घेणारी जी पांढऱ्या फ्रॉकमधली पोर आहे, तिच्यामागे ही गोष्ट आहे. पाकीट पाहिलं की आता मला त्या बापाची आठवण येते.

निरमाचं गाणं आधी रेडिओवर वाजलं, मग १९८२ च्या सुमारास टीव्हीवर आलं. खप असा वाढला की त्या दशकाच्या मध्यावर निरमानं सर्फला मागे टाकलं. आपल्या बोलीत तर कुठल्याही धुण्याच्या पावडरीला निरमाच म्हणू लागले. "दुकानातून निरमा आण, कुठलाही चालेल," असं माझी आई म्हणायची! डालड्याचं तसंच, कोलगेटचं तसंच. कंपनीचं नाव भाषेत शिरलं की तिला पुढे फार सांगावं लागत नाही.

मोठी कंपनी गप्प कशी बसेल? तिच्यासाठी लिंटास या जाहिरात संस्थेत ॲलेक पदमसी यांनी ललिताजी घडवली. साडीतली, ठसक्यात बोलणारी, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी. पदमसींनी सांगितलंय की ती त्यांच्या आईवरून सुचली. आई पैशापैशाचा हिशेब ठेवायची, पण चांगल्या वस्तूला पैसे मोजताना कचरायची नाही. ललिताजींचं म्हणणं काय होतं? स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. अर्धा किलो सर्फमध्ये एक किलो स्वस्त पावडरीएवढं धुणं होतं, मग महाग काय?

ही जाहिरात बायकांना का आवडली असेल? मला वाटतं, तोवर जाहिरातींमध्ये बाई बहुधा हसायची आणि लाजायची. ललिताजी हिशेब करत होती! घर चालवणाऱ्या बाईला अक्कल असते, ती फसत नाही, हे कुणीतरी टीव्हीवर दाखवलं. आपण चार आण्यांसाठी बाजारात भांडतो तेव्हा घरचे पुरुष हसतात. ललिताजीला कुणी हसलं नाही.

पण हिशेब पुरा करू या. ती आपल्याला सांगत होती की स्वस्तात फसू नका. आणि काही वर्षांतच त्याच कंपनीनं 'व्हील' नावाची स्वस्त पावडर बाजारात आणली, निरमाच्याच गिऱ्हाइकांसाठी! म्हणजे ललिताजी खोटी होती का? नाही. अर्ध्या किलोचा मुद्दा तपासण्यासारखाच होता. पण ती बोलत होती ते कंपनीच्या सोयीचं. कंपनीची सोय बदलली, की बोलणं बदललं. आपली बाजू घेणारी ललिताजी आपल्याच गटात असायला हवी. ती पाकिटामागचं वजन वाचेल, दोन दुकानांतला भाव विचारेल.

ललिताजीचं काम केलेल्या कविता चौधरी पुढे काय करत्या झाल्या, ठाऊक आहे? १९८९ साली दूरदर्शनवर 'उडान' मालिका आली. ती त्यांनीच लिहिली, दिग्दर्शित केली आणि पोलीस अधिकारी कल्याणी सिंगचं कामही त्यांनीच केलं. ती गोष्ट त्यांच्या बहिणीवरून, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावरून घेतली होती. या कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातल्या त्या पदावरच्या पहिल्या महिला. कविताताई २०२४ च्या फेब्रुवारीत गेल्या. त्याच महिन्यात अमीन सायानीही गेले.

मोबदला ज्यांच्या हाती

सगळे जाहिरातदार काही मोठ्या कंपन्या नव्हत्या. विको घ्या. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला तिची सुरुवात केली. घरी बनवलेलं दंतमंजन मुलांना बरोबर घेऊन दारोदार विकलं. पुढे त्याच घरातल्या कंपनीनं १९८४ ची 'ये जो है जिंदगी' ही विनोदी मालिका प्रायोजित केली.

आणि लिज्जत! १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आज तिथे हजारो बायका आहेत. सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी आणून द्यायचं आणि लाटण्याचा मोबदला घ्यायचा. लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची भागीदार, नोकर नाही. नफा झाला तर तिचा, तोटा झाला तर तोही तिचा.

टीव्हीवर लिज्जतचा तो कुरकुर पापड खाणारा ससा आठवतो ना? तो बोलक्या बाहुल्यांचे जादूगार रामदास पाध्ये यांचा. अर्धवटराव घेऊन येणारे तेच. त्या सशाला टीव्हीवर आणायचे पैसे आले कुठून? पापड लाटणाऱ्या हातांतून. म्हणजे तिथे प्रायोजक बायका होत्या.

दुसरं उदाहरण 'सुरभि' या कार्यक्रमाचं. १९९० नंतर कितीतरी वर्षं तो चालला. देशभरच्या कला, सण, गावं दाखवायचा. प्रश्नांची उत्तरं म्हणून त्यांच्याकडे पोस्टकार्डांच्या गोण्या यायच्या. इतक्या, की टपाल खात्यानं स्पर्धांसाठी वेगळं, जास्त दराचं पोस्टकार्ड काढलं. त्याचा प्रायोजक होता अमूल, म्हणजे गुजरातेतले दूध घालणारे शेतकरी. त्याआधी १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा 'मंथन' सिनेमा निघाला, तेव्हा पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घातले होते. पैसा दूध घालणाऱ्यांचा, आणि गोष्ट दुधाची, पण कुणाची फसवणूक करणारी नाही.

मग फरक कुठे पडतो? जाहिरात वाईट आणि कार्यक्रम चांगला, असं सरळ नसतं. पैसे घालणारं कोण आहे आणि त्याला आपल्याकडून काय हवं आहे, तिथे फरक पडतो.

रंगाची किंमत

आठवणी गोड असतात, पण सगळ्या नाहीत. १९७५ साली फेअर अँड लव्हली नावाचं मलम बाजारात आलं. त्याच्या जाहिरातींत सावळी मुलगी उदास असायची. मलम लावलं, गोरी झाली, की नोकरी आणि नवरा दोन्ही मिळायचं. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं याविरुद्ध तक्रार केली, पाठपुरावा केला आणि २००३ मध्ये सरकारनं अशा दोन जाहिराती थांबवायला लावल्या. पुढे २०२० मध्ये कंपनीनं नावातला 'फेअर' शब्दच काढून टाकला. पंचेचाळीस वर्षांनी!

मात्र एक खरं बोलायला हवं. रंगावरून मुलीला नकार देणं जाहिरातीनं शोधून काढलं नव्हतं. माझ्या धाकट्या मावशीला तीन स्थळांनी रंगावरून नाकारलं, तेव्हा आमच्या वाडीत टीव्हीच नव्हता. बघायला आलेल्या बायकाच होत्या त्या. चहा पिऊन गेल्या आणि उंबऱ्याबाहेर बोलल्या, "पोरगी गुणाची आहे, पण रंग..." हे आपल्याच ओट्यावरचं आहे. जाहिरातीनं फक्त आपल्या ओट्यावरचं दुःख उचललं, त्याला डबीत भरलं आणि वर किंमत छापली. मावशीची गोष्ट मी या रेडिओवर पहिल्यांदाच सांगते आहे. तिनंच सांग म्हटलं.

म्हणून जुन्या जाहिराती आठवताना गाण्याबरोबर हेही आठवू या. आणि त्या जाहिरातींतली घरं आठवा. नळाला पाणी, लख्ख फरशी, भिंतीला टेकलेला ओटा. उंबऱ्याशी बसून बघणाऱ्या आम्हा बायकांसारखी, डोक्यावर पदर आणि पायाला चिखल असलेली बाई मला तरी त्यात गिऱ्हाईक म्हणून आठवत नाही. पैसे आमचेही जात होते, चेहरा मात्र आमचा नव्हता.

आता आपली पाळी

आता ते दुसरं कारण सांगते.

सामुदायिक रेडिओ आधी शिक्षणसंस्थांसाठी होता. २००६ च्या शेवटी सरकारनं तो लोकांच्या संस्थांसाठीही खुला केला. तेव्हा तासाला पाचच मिनिटं जाहिरात करायची मुभा होती. २०२४ मध्ये ती वाढून तासाला १२ मिनिटं झाली, आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. आपल्या केंद्राला विजेचं बिल आहे, दुरुस्ती आहे, मुलींचं मानधन आहे. पैसे लागतात. पुढच्या महिन्यात केंद्राची समिती बसणार आहे आणि कुठल्या स्थानिक जाहिराती घ्यायच्या, कुठल्या नाही, ते ठरवणार आहे. बियाण्याचं दुकान विचारतंय. एक सोनार विचारतोय. बाजारपेठेतला एक जण उजळ रंगाच्या क्रीमसाठी विचारतोय, आणि तोच सगळ्यांत जास्त पैसे देतोय. आणि आपल्या दोन गटांना मसाल्याची आणि शेवयांची जाहिरात करायची आहे, पण त्यांच्याकडे पैसे कमी आहेत.

चाळीस वर्षांपूर्वी प्रायोजक कोण असावा, हे आपल्याला कुणी विचारलं नाही. आता विचारतायत. माझं मत मी सांगून टाकते. क्रीमला नाही म्हणावं. गटांच्या मालाला कमी दर ठेवावा. आणि जाहिरात घेण्याआधी समितीतल्या दोघींनी ती वस्तू वापरून बघावी, वजन तपासावं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्यात फसलेल्या ग्राहकाला १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार करता येते. पण आपल्या रेडिओवरून ऐकून फसलेली बाई १९१५ ला फोन करणार नाही. ती आपल्या दारात येईल आणि म्हणेल, "तूच सांगितलं होतंस ना गं?" तिला काय उत्तर देणार आपण?

त्या आजींना मी परवा पुन्हा फोन केला. म्हटलं, आपल्या गटाच्या मसाल्याचं गाणं तुम्ही म्हणाल का? आधी हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणते की. पण मसाला आधी चाखायला पाठव. तिखट नसला तर मी नाही म्हणणार."

मैत्रिणींनो, झाली की नाही आपली ललिताजी?



गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. तुम्हांला पाठ असलेली एक जुनी जाहिरात आठवा. ती कुणाशी बोलत होती? तुमच्याशी, की तुमच्या घरातल्या दुसऱ्या कुणाशी?

२. गेल्या आठवड्यात घेतलेल्या एका पाकिटाचं वजन, तारीख आणि किंमत वाचा. तीच वस्तू सुटी घेतली तर किती पडते, ते काढा.

३. आपल्या रेडिओवर कुठली जाहिरात चालेल आणि कुठली नाही? गटाचं मत समितीला लिहून किंवा फोनवर कळवा.